बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीजवळ फ्लॅट घ्यावा का?

घ्यावा, पण इमारत पूररेषेबाहेर असल्याची खात्री होईपर्यंत बयाणा देऊ नये. जलसंपदा विभागाच्या नकाशावरील निळी रेषा २५ वर्षांतून, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द दाखवते, आणि हा धोका कागदापुरता नाही: २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. घर पाहताना तळमजल्यावर वीजमीटरच्या पेटीखाली गाळाची जुनी रेघ दिसते का, हे अवश्य पाहावे. रंग नवा असेल तर शेजारच्या दुकानदाराला २०१९ मध्ये पाणी कुठवर आले होते, असे थेट विचारावे. मात्र इमारत उंचावर असली, तरी स्टेशनकडे जाणारा रस्ता पाण्याखाली जाऊ शकतो.