बडी कॉप: जोडगोळी, दुक्कल की विजोड?

राजारामपुरीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘इंग्रजी बडी कॉप सिनेमांना मराठीत काय म्हणायचं? मी “पोलीस मित्रांचे सिनेमे” लिहिलं, तर घरातले हसले.’

बडी कॉप म्हणजे स्वभाव न जुळणारे दोन पोलीस एकाच कामगिरीवर जोडीनं लागतात, तसले सिनेमे. घरातले हसणारच की! आपल्याकडे पोलीस मित्र म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत बंदोबस्ताला मदत करणारे नागरिक. ते नाव आधीच लागलेलं आहे.

‘दुक्कल’ही नको. ‘मोटारसायकली चोरणारी दुक्कल जेरबंद’ असल्या बातम्यांनी तो शब्द चोरांच्या नावावर केलाय. दुक्कल पकडली जाते, ती कुणाला पकडत नाही.

राहिली ‘जोडगोळी’. शब्दातच गोळी असल्यामुळं पोलिसांना आयता शोभतो. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना आपण तेच म्हणत आलो. अडचण एवढीच, की जोडगोळी म्हटलं की दोघांचं आधीच जमलेलं असतं. बडी कॉपची सगळी गंमत न जमण्यात आहे.

१९८७ चा ‘लीथल वेपन’ घ्या. दोघं पोलीस. मर्टॉ नुकताच पन्नाशीला टेकलेला, बायकापोरांत रमणारा. रिग्ज बायको गेल्यापासून जिवावर उदार. पहिली भेट कशी? पोलीस ठाण्यात एक अस्ताव्यस्त माणूस पिस्तूल हातात घेतलेला दिसतो, मर्टॉ त्याला गुन्हेगार समजून धावून जातो आणि स्वतःच जमिनीवर आडवा होतो. हाच त्याचा नवा जोडीदार! पुढं दोन भांडणं बरोबरीनं चालतात, एक गुंडांशी आणि एक गाडीच्या आत. बाहेर गोळीबार रंगात आलेला असतानाही यांची हमरीतुमरी थांबत नाही, म्हणून आपण घाबरता घाबरता हसतो. आणि ज्या एकाला घरी सुखरूप जायचंय, त्याच्याच घरी दुसऱ्याला जेवायला बोलावलं जातं, तेव्हा नुसत्या पाठलागानं लागला नसता एवढा जीव आपला त्या दोघांत गुंततो.

कोल्हापूरकर इथं ‘काटाजोड’ सुचवतील. शाहू महाराजांच्या खासबागेत कुस्त्या बघितलेल्यांच्या तोंडी तो शब्द असणारच. अर्धा बरोबर आहे. एक पोलीस भारी आणि दुसरा नुसता हसवायला ठेवलेला असेल तर सिनेमा लंगडतो, दोघंही तोडीस तोड लागतात. पण काटाजोडीत दोघं एकमेकांना पाडायला उतरतात. इथं पाडायचंय तिसऱ्याला, आणि जुळत नाही तो स्वभाव.

त्याला मराठीत नेमका शब्द आहे, ‘विजोड’. लग्नाच्या बैठकीत, वधूवरांच्या माघारी दबक्या आवाजात बोलला जाणारा. ‘पोरगी डॉक्टर, पोरगा बारावी नापास. विजोडच की ओ!’ १९९८ च्या ‘रश अवर’मध्ये हाँगकाँगचा मितभाषी इन्स्पेक्टर आणि लॉस एंजेलिसचा तोंडाळ डिटेक्टिव्ह एकमेकांच्या गळ्यात बांधले जातात, तेही असंच ठरवून दिलेलं लग्न.

माझं मत ‘विजोड पोलीसपट’ला. पोलीस दोघंही असावेत असंही नाही. १९८२ च्या ‘४८ अवर्स’मध्ये एक पोलीस आणि दुसरा तुरुंगातून दोन दिवसांपुरता बाहेर काढलेला कैदी आहे. तिथं नुसतं ‘विजोड जोडी’ लिहावं. मध्यंतरानंतर दोघांचं जमलं की खुशाल जोडगोळी म्हणा, फक्त क्रियापद सांभाळा. जोडगोळी स्त्रीलिंगी, एकवचनी. ‘जोडगोळी निघाली’, ‘निघाले’ नव्हे.