चित्राची नक्कल नको, चित्राचा ठेका हवा

प्रश्न : आमच्या नृत्यवर्गातील आठ मुलींनी डच चित्रकार पीट मोंड्रियान यांच्या 'ब्रॉडवे बूगी-वूगी' या चित्रावर नृत्य बसवले आहे. लग्नाच्या बँडपथकातील सॅक्सोफोन, कीबोर्ड आणि ड्रम वाजवणारे तिघे साथीला तयार झाले आहेत. मुली चित्रातल्यासारखे चौकोन करून उभ्या राहतात, वादकही पाठ केलेली धून चोख वाजवतात, तरीही सारे निर्जीव वाटते. काय चुकते आहे?
— एक नृत्यशिक्षिका, अमळनेर

उत्तर : चित्राची निवड उत्तम आहे; अडचण आहे ती चित्राचा आकार उचलण्यात. मोंड्रियान १९४० मध्ये न्यूयॉर्कला आले, तिथल्या बूगी-वूगीने, म्हणजे पियानोवरच्या वेगवान, नाचऱ्या संगीताने, त्यांना अक्षरशः वेड लावले, आणि १९४२-४३ मध्ये त्यांनी हे चित्र रंगवले. त्यांची ओळख बनलेल्या काळ्या रेषा इथे नाहीत. पिवळे पट्टे आहेत आणि त्यांवर लाल, निळे, करडे लहान चौकोन अंतराअंतराने ठिपकत जातात. बूगी-वूगीत पियानोवादकाचा डावा हात एकच चाल न थकता घोळवत राहतो आणि उजवा हात तिच्यावर आडवेतिडवे आघात करतो. पिवळे पट्टे मला त्या डाव्या हातासारखे वाटतात, चौकोन उजव्या हातासारखे.

तेव्हा दोन मुलींना कीबोर्डच्या डाव्या हातासोबत एकाच लयीत, न थांबता चालू द्या. उरलेल्या सहा जणींनी आपापल्या वेळी त्यांची वाट ओलांडावी आणि ओलांडताना दोन मात्रा थबकावे. बूगी-वूगीचा नेहमीचा साचा बारा मापांचा, प्रत्येक माप चार मात्रांचे. म्हणजे आपल्या भाषेत अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन. मध्ये कोणी काय करायचे हे ठरवू नका, सर्वांनी समेवर मात्र एकत्र यावे. सॅक्सोफोनवादकाला पाठ केलेली धून विसरायला सांगा आणि त्याला प्रेक्षकांकडे नव्हे, मुलींकडे तोंड करून उभे करा. वरातीत नाचणाऱ्यांचा रंग पाहून जो वादक चाल लांबवतो, त्याला हे नवे नाही.

सातपुड्यातील काठी गावची होळी आपण पाहिली असेल. तिथे नाचणाऱ्याच्या कमरेचे घुंगरू आणि सुके भोपळे ढोलाला उत्तर देतात. नाचणारा स्वतःच वादक झालेला असतो. त्या वाट ओलांडणाऱ्या सहा जणींच्या पायांत घुंगरू बांधून पाहा, म्हणजे त्यांचे थबकणेही ऐकू येईल.

जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या १९६१ च्या 'फ्री जॅझ' या ध्वनिमुद्रिकेबरोबर अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांचे 'व्हाइट लाइट' हे चित्र छापले होते. त्या ध्वनिमुद्रणात चार-चार वादकांचे दोन संच एकाच वेळी वाजवतात. त्या वाटेला पुढच्या वर्षी जावे. तिथे आधाराला असा स्थिर ठेका मिळत नाही.

आणखी एक. मूळ चित्र १२७ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे आहे. छापील प्रत त्याच मापाची करून घ्या आणि ती वादकांच्या पाठीमागे न लावता बाजूच्या भिंतीवर अशी लावा की वाजवता वाजवता त्यांची नजर तिच्यावर जाईल.