'पर्यंत'चा घोळ: बाय की टिल?

अरे बाबू, 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' असं नको लिहू. आपल्या मराठीत 'शुक्रवारपर्यंत' एकच. इंग्रजीत त्याच 'पर्यंत'ला दोन शब्द आहेत, आणि आपण नागपूरकर तिथंच अडकतो.

काम सलग चालू राहून त्या वेळेला थांबणार असेल, तर टिल. 'आय विल बी इन सीताबर्डी टिल सेव्हन', म्हणजे सातपर्यंत मी तिथंच. काम एकदाच व्हायचं असेल, त्या वेळेला किंवा त्याआधी कधीही, तर बाय. 'आय विल रीच सीताबर्डी बाय सेव्हन.'

शंका आली की 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून पाहायचं. 'सातच्या आत पोहोचतो' जमतं, म्हणून बाय. 'सातच्या आत तिथंच आहे' कानाला खटकतं, म्हणून टिल. फक्त एक, 'बाय फ्रायडे'त शुक्रवारसुद्धा धरतात.

मी नवा असताना बाहेरगावच्या पाहुण्याला संत्रा बर्फीच्या दुकानाबद्दल 'इट विल बी ओपन बाय नाइन' असं लिहिलं होतं. मला म्हणायचं होतं रात्री नऊपर्यंत उघडं. तो बिचारा सकाळी नऊला बंद शटरपुढे उभा! चूक माझीच, त्यानं वाक्य बरोबर वाचलं होतं.

नकारात मात्र टिलचा रंग बदलतो. 'डोन्ट कॉल टिल फाइव्ह' म्हणजे पाचच्या आधी फोन नको, नंतर कर. अन्टिल वापरलं तरी अर्थ तोच. ऑफिसच्या मेलमध्ये मी तेच लिहितो. आता तुझी ती मेल दुरुस्त करून पाठव, शुक्रवारच्या आत.