परदेशातलं महागडं थाई रेस्टॉरंट अस्सल आहे की नाही, हे कसं ओळखावं?

इंदूरहून मुलाकडे लंडनला निघालाय आणि तिथलं महागडं थाई जेवण अस्सल, तिखट असेल का, असं विचारलंय तुम्ही. आधी एक: तिखटावरून अस्सलपणा ठरवू नका. मस्सामन करी मुळातच सौम्य, गोडसर असते. इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जीरावन मसाला भुरभुरून खाणाऱ्या आपल्या जिभेला ती मिळमिळीत वाटेल, पण म्हणून ती नकली नाही.

खरी परीक्षा सोम तमची. कच्च्या पपईची ही कोशिंबीर उखळात ठेचून करतात. आधीच करून ठेवली असेल तर पाणी सुटून पपई लिबलिबीत होते. ताजी असेल तर करकरीत लागते. लिंबाचा आंबटपणा आणि गूळसाखर आधी कळते, तिखट मागून चढतं. नुसतं 'स्पायसी' म्हणू नका, तिथल्या गिऱ्हाइकांच्या बेताने करतील. मिरच्या किती घालायच्या तेच सांगा. छोट्या असल्या तरी जहाल असतात.

दुसरी खूण पाड क्रापाओ, म्हणजे मिरची-लसणात परतलेलं मांस. त्यात आपल्या तुळशीचीच पानं लागतात. गोड बेझिल घातलं असेल तर ज्याच्या अंगणात वृंदावन आहे त्याला वासावरूनच कळेल.

दारावर 'थाई सिलेक्ट' हे थायलंडच्या वाणिज्य मंत्रालयाचं चिन्ह असलं तर बरंच. ऑर्किडं आणि सोनेरी बुद्ध तर काय, कोणीही मांडतं!

शाकाहारी असाल तर भाज्यांच्या करीबद्दलही विचारा. वाटणात बहुधा कोळंबीची पेस्ट असते, वरून फिश सॉस.