पेंटचं दुकान आहे, मग मुलीला त्याच लायनीत घालू का?

कराडहून एका बाबांनी लिहिलंय : “माझं रंगाचं दुकान. मुलीला सीईटीत पर्सेंटाइल चांगलं आहे, मुंबईच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) सरफेस कोटिंग, म्हणजे रंग-लेपांच्या तंत्रज्ञानाची डिग्री, मिळू शकेल. पण नव्या कंपन्या आल्यापासून नुसती भावाची मारामारी, वर प्रदूषणाचे नियम. त्यापेक्षा कॉम्प्युटरला घालतो. चुकतंय का?”

नमस्कार. भावाची मारामारी खरीच आहे. २०२४मध्ये बिर्ला ओपस ही रंगाची कंपनी दहा हजार कोटी आणि सहा कारखान्यांचा बेत घेऊन उतरली, त्यातला एक आपल्या महाडला. त्यात तुमचं मार्जिन आटलं असणार. पण मुलगी काउंटरवर बसणार नाहीये. नवा कारखाना आला की लॅबही येते, आणि लॅबला माणसं लागतात.

राहिले नियम. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. तुमच्याकडचा जुना पिवळा ऑइल पेंट आठवा. तो झळझळीतपणा बहुतेक लेड क्रोमेट या शिशाच्या रंगद्रव्याचा : स्वस्त, आणि एकाच हातात खालचं सगळं झाकणारा. ते काढून सेंद्रिय पिगमेंट (रंगद्रव्य) घातलं की खर्च वाढतो आणि खालचं दिसायला लागतं. शिशाचा ड्रायर (रंग सुकवणारं द्रव्य) काढला की झिर्कोनियम, कॅल्शियम यांचं प्रमाण नव्याने बसवा, नाहीतर दार दोन दिवस चिकट. थिनर कमी करायला पाण्यातला इनॅमल आणला, तर ब्रशच्या रेघा उठतात, आणि नीट जपलं नाही तर डब्यातच बुरशी धरते. ही प्रत्येक कटकट म्हणजे फॉर्म्युलेशन केमिस्टची, म्हणजे रंगाची कृती बसवणाऱ्या केमिस्टची, नोकरी. तुम्हाला नियमांची धास्ती वाटते. मला तर त्यातच तिचं काम दिसतं.

अडचणीही सांगतो. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी असू शकतो. पहिली वर्षं एमआयडीसीत, शिफ्टमध्ये जाऊ शकतात. आणि केमिस्ट्री नुसती मार्कांपुरती आवडत असेल तर आयसीटीचं नाव बघून जाऊ नये. (‘रंग’ म्हणजे कलाकुसर समजून आलेली मुलं मी पाहिली आहेत, दुसऱ्या सेमिस्टरला पॉलिमरने घाम फुटतो.) मुंबईचं नाही जमलं तर नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था यादीत ठेवा.

ऑप्शन फॉर्म भरण्याआधी दुकानातले दोन डबे उघडा, एक ऑइलचा, एक पाण्यातला इनॅमल. एकाच फळीवर तिच्याच हाताने मारायला सांगा. दुसऱ्या दिवशी फळीकडे बघून ती “हे असं का?” विचारते का, ते मला कळवा.