फोटो टाकू नकोस

अरे, तुझ्या त्या टाकीला लावायच्या उपकरणाबद्दल परवा रात्री तुझा मेसेज आला, "काका, नवीन मॉडेलचा फोटो स्टेटसला टाकू का", आणि माझी झोपच उडाली. जुने चाळीस पीस खोक्यात पडून आहेत ना अजून? मग कसला फोटो! वस्तू हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

अ‍ॅडम ऑस्बोर्न ऐकलायस का? बालपण तमिळनाडूत गेलेला माणूस, पुढे कॅलिफोर्नियात कॉम्प्युटरची पुस्तकं छापायचा. 1981 ला त्याने ऑस्बोर्न 1 हा उचलून नेता येणारा कॉम्प्युटर काढला, 1795 डॉलरला, वजन जवळपास 11 किलो, दिसायला शिलाई मशीनची पेटी, झाकण काढलं की तोच कीबोर्ड आणि आत 5 इंची स्क्रीन, ओळीत 52 अक्षरं मावायची, पुढचं वाचायला स्क्रीन सरकवत बसा. पण लिहायला वर्डस्टार, हिशोबाच्या तक्त्यांना सुपरकॅल्क, दोन्ही सॉफ्टवेअर त्याच किमतीत. लोक तुटून पडले, महिन्याला 10,000 पर्यंत खप गेला. मग 1983 मधे मोठ्या स्क्रीनच्या एक्झिक्युटिव्ह या त्याच्याच पुढच्या मॉडेलची बातमी आधीच फुटली, जुन्याचं गिऱ्हाईक थांबलं आणि सप्टेंबरात दिवाळं.

आता तू गूगल करून सांगशील की खरं मारलं केप्रो या दुसऱ्या कंपनीने, तेवढ्याच पैशात 9 इंची स्क्रीन देऊन, शिवाय हिशोबातही गोंधळ होता. असेल रे, असेल. पण मी माझं बघितलंय ना.

1996 ला मेडिकल दुकानांसाठी माझं डॉसवरचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवरचं, बिलिंग सॉफ्टवेअर बरं चाललं होतं. दिवाळीत पेढे वाटता वाटता बोलून गेलो, विंडोजवालं येतंय गुढीपाडव्याला. झालं! जो तो म्हणायला लागला, "मग तेच द्या की साहेब, घाई काय". पाडवा आला, गेला, पुढच्या वर्षीचाही गेला. पार्टनर अजून लग्नाकार्यात भेटला की म्हणतो, तुझ्या जिभेने धंदा बुडवला. आमचा प्रोग्रॅमर मधेच नोकरी लागून गेला ते मात्र त्याला आठवत नाही! आणि मी खोटं नव्हतो बोललो, बिलाची प्रिंट निघत होती विंडोजवर, फक्त स्टॉकचं राहिलं होतं.

असो. तोंड बंद, कळलं? मित्रांनाही नाही, त्या पुरवठादारालाही नाही. रविवारी ये, चाळीसचं काय करायचं ते बघू. येताना एक पीस आण, मला गच्चीतल्या टाकीला लावायचाय, आणि बिल पूर्ण लाव, डिस्काउंट नको.