वाचकांचे प्रश्न : घाटाखालचं घर

प्रश्न : आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. वेंगुर्ल्याजवळ वडिलांच्या वाट्याची आठ गुंठे जागा आहे, समुद्र तीनशे पावलांवर. निवृत्तीनंतर तिथं राहायचंय. मुलगा म्हणतो, इथल्यासारखंच स्लॅबचं घर बांधू, वर गच्ची. आईला चिऱ्यांचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कौलारू हवंय. काय करावं?

उत्तर : आईंचं ऐका.

चोवीस वर्षांपूर्वी मालवणकडे एका कुटुंबाला मी सपाट स्लॅबचं घर करून दिलं. बेळगावात तेव्हा तशीच घरं करत होतो. चौथ्या पावसाळ्यात छताचा गिलावा सुटला, आतल्या सळ्या गंजून फुगलेल्या. वाळू खाडीतली, खारी आली होती आणि मी ती परत पाठवली नव्हती. घरातल्या आजी झोपायला शेजारच्या जुन्या घराच्या पडवीत जायच्या, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ऊब सोडायचा. ते घर मला अजून टोचतं.

आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर. संध्याकाळी गारवा येतो, बंद घरही सुसह्य होतं. खाली हवा दमट, घाम वाळतच नाही. वारा अंगावरून गेला तरच जिवाला बरं वाटतं. म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोर पूर्वेलाही खिडकी हवी आणि मधे आडवी भिंत नको. पण पावसाची झड त्याच पश्चिमेकडून येते. जुन्या लोकांनी यावर पडवी काढली: वारा आत येतो, पाणी बाहेरच पागोळ्यांतून गळतं. पश्चिमेची पडवी आठ फुटांपेक्षा कमी करू नका, आणि तिचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्यालगत गेलं. लांब बाहेर काढलेलं पाखं वारा खालून उचलतो. पडवीचं छप्पर सुटं असलं तर गेलं तरी घर राहतं. आढ्याची आणि कडेची कौलं तारेनं बांधून घ्या.

मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळुरात काढला. आपल्या खानापूरची मातीही कौलांना नावाजलेली आहे, त्यामुळे ही वस्तू तुम्हाला परकी नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पावसाआधी कौलं परतायला, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायला, माणूस लागेल, हे मात्र मुलाला आधीच सांगून ठेवा.

शेवटी सांगितलेली जागेची मोजणी उरकली की चिरे लगेच मागवा. खाणीतून निघालेला चिरा मऊ असतो, हवेवर टणक होतो. एक पावसाळा रचून ठेवले तर कच्चे कुठले ते आपोआप कळतं. चिरा पाणी पितो, म्हणून जोतं दोन-अडीच फूट उंच घ्या आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका, आत शिरलेली ओल अडकून बसते. चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्यात भरा.

न्हाणीघर, पाण्याची टाकी, खिडक्यांवरच्या तुळया इथं काँक्रीट लागेलच. किनाऱ्यावर एम-30 या मजबूत प्रतीचं मिश्रण आणि सळीवर 45 मिलिमीटर आवरण हवं. गवंडी म्हणेल, एवढं कशाला. ऐकू नका. बिजागऱ्या आणि कड्या पितळेच्या घ्या.

आता तीनशे पावलांचं. पावलं सोडा, भरतीरेषेपासून फितीनं मोजून घ्या. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात साधारणपणे 200 मीटरपर्यंत बांधकाम बंद आहे. दाट वस्तीच्या गावांत, म्हणजे 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2161 हून अधिक माणसं असलेल्या ठिकाणी, ही मर्यादा 50 मीटर. तुमची जागा अगदी 200 च्या काठावर दिसते, तेव्हा चिऱ्यांचा एक पैसा देण्याआधी हे उरकून घ्या.

मुलाला गच्ची संध्याकाळी बसायला हवी असणार. त्याच्यासाठी पूर्वेला मोठं खळं, म्हणजे अंगण, करा, सारवलेलं. आणि जुलैत एकदा आईंना घेऊन जागेवर जा. झड कुठून येते ते त्यांना माहीत असेल. पडवीची खूण त्यांनाच काढू द्या.